तीस सेकंदांची सूट कायद्यात कुठे आहे?

व्हिडिओ बनवणाऱ्यांमध्ये सध्या फिरणारा संदेश असा: “तीस सेकंदांपेक्षा कमी गाणे वापरा, खाली श्रेय द्या, कमाई करू नका, कॉपीराइट लागत नाही. साठ वर्षांपूर्वीची गाणी तर सगळ्यांचीच. लग्नातल्या गाण्यांनाही माफी आहे.” शेवटचे वाक्य अर्धे खरे आहे, आणि त्याच्या जोरावर बाकीचा मजकूर खपतो.

तीस सेकंदांपासून सुरुवात करू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाण्यासाठी सेकंदांची अशी कुठलीही मर्यादा नाही. कलम ५२ वापराचे कारण बघते: खासगी वापर, संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन. एखाद्या चालीबद्दल बोलताना तिच्या दोन ओळी ऐकवल्या तर ती समीक्षा. पावभाजीच्या रेसिपीमागे त्याच दोन ओळी वाजल्या तर नुसती सजावट, आणि सजावटीला सूट नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका वाहिनीच्या प्रकरणात अगदी क्षुल्लक वापराकडे दुर्लक्ष केले खरे, पण तेही नुकसान, हेतू वगैरे तपासून. घड्याळ लावून नव्हे. यूट्यूबची यंत्रणा तर काही सेकंदांचा तुकडाही ओळखते. तिचा नुसता ‘क्लेम’, म्हणजे हक्काचा दावा, आला तर बहुधा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो. ‘स्ट्राइक’, म्हणजे कॉपीराइट मोडल्याची चॅनेलवरची नोंद, वेगळी: ९० दिवसांत तीन झाले की चॅनेलच जाऊ शकते.

श्रेय देणे चांगलेच, पण त्याने परवानगी मिळत नाही. उलट, गाणे कोणाचे हे तुम्हाला ठाऊक होते याचा पुरावा तुम्हीच लिहून देता. श्रेयावर भागते ते फक्त क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या, म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर वापराची मुभा आधीच दिलेल्या परवान्यात, तेही त्याच्या अटी पाळून: कृतीचे नाव, कर्ता, दुवा आणि परवान्याचा प्रकार लिहायचा. परवान्यात ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नाही, ‘एनडी’ असेल तर काटछाट करून प्रसिद्ध करायचे नाही.

कमाई केली नाही म्हणून उल्लंघन टळत नाही. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केले नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते, एवढेच.

खरी गफलत साठ वर्षांच्या हिशेबात होते, कारण एका गाण्यात तीन हक्क असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रणाची साठ वर्षे ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. शब्द आणि चालीची मात्र कर्त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून. समजा, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांची चाल असलेले गाणे १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. ध्वनिमुद्रण १ जानेवारी २०२१ ला मुक्त झाले. पण माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणून शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित; फडके २००२ मध्ये गेले, म्हणून चाल २०६२ अखेरपर्यंत. ते गाणे स्वतः गायलात तर तिसरा हक्क बाजूला होतो, पहिले दोन तसेच राहतात. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे. त्याला गेल्या पिढीतल्या संगीतकाराने लावलेली चाल मात्र सर्वांची नाही.

आता लग्न. कलम ५२(१)(झेडए) धार्मिक विधी, वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांत गाणी वाजवायला सूट देते. ही सूट तिथे वाजवण्यापुरती. तीच गाणी लग्नाच्या व्हिडिओत जोडून इंटरनेटवर टाकणे तिच्यात बसत नाही. कार्यालयात वाजले म्हणून चॅनेलवर चालेल, हा तर्क लंगडा आहे.

परवानगी घेताना आधी तिन्ही हक्क कोणाकडे आहेत ते शोधा. चित्रपटगीतांचे हक्क बहुधा निर्मात्याकडून संगीत कंपनीकडे गेलेले असतात. कवितेसाठी प्रकाशक किंवा वारस. परवानगी लेखीच घ्या, कारण परवाना लेखी हवा असे कलम ३० सांगते. कृती, नेमका भाग, माध्यम, मोबदला, मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहून घ्या. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. व्हिडिओ मात्र दुबईतही दिसतो, तेव्हा ‘जगभर’ हा शब्द विसरू नका.