दाजींचे 60 रुपये

लातूरच्या स्टँडवर रिक्षावाला 60 रुपये म्हणाला आणि आमचे दाजी सरळ चालायला लागले. "एवढं काय लांब हाय!" मे महिना, दुपारचे साडेबारा, औसा रोडवरचं मंगल कार्यालय. पुढे दाजी, मागे आहेराची पिशवी घेऊन मी, माझ्या मागे अक्का. अक्षता पडल्या तेव्हा मी दवाखान्यात सलाईनवर होतो. बिल 1,800, भरलं मी. तिथे पडल्या पडल्या मला श्रीमंतीचा मार्ग दिसला, तो तुम्हाला फुकट सांगतो. (फुकट म्हटल्यावर कान टवकारले ना? तुम्ही पुढे जाणार.)

आधी चहा सोडा. रोजचे 20, महिन्याचे 600. दरमहा गुंतवले आणि 20 वर्षं सलग 12 टक्के मिळाले तर 6 लाखांच्या घरात जातात. महागाई 6 टक्के धरा, की आजच्या हिशेबाने दोन लाखही भरत नाहीत. 20 वर्षं लोकांच्या कपाकडे बघत बसायचं, तेव्हा कुठे पोराच्या क्लासची फी निघणार. बहुतेक.

गुंतवायची भीती वाटते? ज्वारीच्या कोठीत ठेवा. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री आमच्या गावात किती कोठ्या उपसल्या, ते मात्र विचारू नका.

पंखा एकवरच ठेवा.

पाणी वाचवायचं आम्हाला शिकवू नका, मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आम्ही प्यायलोय. ती गरज होती.

आता मुख्य गोष्ट. पोटाला चिमटा काढून साठवलेलं ठेवायचं कुठे? बँकेत अजिबात नको, बँक 7 टक्क्यांवर अडते. शेजारीच मल्टिस्टेट पतसंस्थेचं एसी ऑफिस असतं, तिथे 13 टक्के, वर कॅलेंडर फुकट आणि चेअरमन साहेब स्वतः चहा पाजतात. घरचा सोडलेला चहा असा वसूल होतो. दाजींनी 9 लाख तिथे ठेवले. एकाच ठिकाणी, सगळे. दोन वर्षं झाली, शटर खाली आहे. ठेवीदार कधी पोलीस ठाण्यात, कधी कलेक्टर कचेरीसमोर. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, मल्टिस्टेटच्या ठेवीला नसतो. एवढं विचारायला तर पैसे पडत नव्हते! भाजीवालीशी दोन रुपयांच्या कोथिंबिरीसाठी अर्धा तास घालणारा माणूस 9 लाखांसाठी एक प्रश्न विचारत नाही? 9 लाखांत 60 रुपयांच्या 15,000 रिक्षा होतात. रोज एक केली असती तरी 41 वर्षं पुरल्या असत्या.

जाऊ द्या दाजी, गेले ते पैसे तुमचे होते. पण अक्काचं काय? तिचा मोतीबिंदू तीन वर्षं पिकतोय. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होतं, एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, तरी तुमचं आपलं "बघू दिवाळीनंतर". त्या दिवशी उन्हात ती खड्ड्यात पाय मुरगळून पडली, कारण तिला खड्डा दिसलाच नाही. तुम्ही वळून काय म्हणालात? "चप्पल तुटली का बघ." लाज वाटली पाहिजे, दाजी. याला काटकसर म्हणत नाहीत. स्वतः उपाशी राहायचं तर राहा, तिच्या डोळ्यांतून कशाला वाचवता?

हे तुम्ही वाचणार, मला माहीत आहे, माझ्याच वायफायवर वाचणार. सोमवारी डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावलाय. आठ वाजता दारात रिक्षा येईल, अक्काला तयार ठेवा. आणि रिक्षावाल्याशी भाव करायचा नाही.