घराचं कर्ज काढा आणि भुतं छापा

भयकथा लिहायच्या आणि त्या स्वतःच छापायच्या असं डोक्यात घेतलंय ना, मग मार्केटिंगचे कोर्स वगैरे करत बसू नका, अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात सॉक सिटी म्हणून एक छोटंसं गाव आहे तिथल्या ऑगस्ट डर्लेथ या लेखक-प्रकाशकाचं करिअर समोर ठेवा आणि तो जे जे करत गेला ते ते करा. पैसे बुडायची खात्री आहे.

सुरुवात लवकर करा. डर्लेथची पहिली गोष्ट 'वीअर्ड टेल्स' या भयकथांच्या मासिकात 1926 साली आली तेव्हा पोरगं सतरा वर्षांचं होतं. तुमचं वय उलटून गेलं असेल तरी हरकत नाही, या धंद्यात बुडायला वयाची अट नाही. मग एक गुरू गाठा, शक्यतो लांबचा. डर्लेथ आणि भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांनी दहा वर्षांहून जास्त एकमेकांना पत्रं लिहिली, पण दोघं समोरासमोर एकदाही भेटले नाहीत. हे बरं असतं हो. भेटला की गुरू जांभया देतो, आपली गोष्ट वाचून 'ठीक आहे' म्हणतो, पत्रातला मात्र शेवटपर्यंत गुरूच राहतो.

1937 मध्ये लव्हक्राफ्ट गेला. पल्प मासिकं, म्हणजे स्वस्त कागदावरची थरारकथांची मासिकं, वाचणारे सोडले तर कोणाला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. डर्लेथ आणि त्याचा मित्र डोनाल्ड वॉन्ड्री यांनी त्याच्या कथांचा जाडजूड ग्रंथ तयार करून मोठ्या प्रकाशकांना दाखवला, त्यांनी नको म्हटलं. शहाणा माणूस इथे थांबतो, तुम्ही थांबायचं नाही. डर्लेथने घर बांधायला बँकेचं कर्ज काढलं होतं, त्यातले पैसे छपाईकडे वळवले आणि 1939 मध्ये 'आर्कहॅम हाउस' ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. (घरच्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.) पहिलं पुस्तक लव्हक्राफ्टचा तोच ग्रंथ, प्रती 1268, किंमत 5 डॉलर, म्हणजे त्या काळात चांगलीच महाग. आगाऊ मागणी आली दीडशेच्या आसपास आणि सगळ्या प्रती खपायला साधारण चार वर्षं गेली. प्रकाशन समारंभाला हॉल भरला म्हणून पाच हजार छापायला निघालेल्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

दुसरं पुस्तक अर्थातच स्वतःचं काढा! प्रकाशक आपणच म्हटल्यावर 'साभार परत' कोण पाठवणार. डर्लेथने 1941 मध्ये स्वतःच्या भयकथांचा संग्रह काढला, 1115 प्रती, म्हणजे गुरूपेक्षा कमीच, तेवढी लाज ठेवली म्हणायची. एखादी प्रतिष्ठित फेलोशिप मिळाली तर तिचाही सदुपयोग करा. याला 1938 मध्ये गुगेनहाइम मिळाली होती, गंभीर साहित्य लिहायला, आणि त्यातले काही पैसे पठ्ठ्याने आपल्या कॉमिक्सच्या संग्रहाला बाइंडिंग करण्यात घातले. मला तर हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात शहाणा खर्च वाटतो.

नव्या लेखकांना जरूर संधी द्या. रे ब्रॅडबरीचं पहिलं पुस्तक आर्कहॅमनेच काढलं, 1947 मध्ये. पुढे तीन वर्षांत ब्रॅडबरी 'डबलडे' या बड्या प्रकाशकाकडे होता. रोपं तुम्ही लावा, आंबे दुसरे खातील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गुरू वारला म्हणून त्याचं लिहिणं थांबलं असं कोणी सांगितलं? मागे राहिलेली टिपणं काढा, भोवती आपला मजकूर भरा आणि वर दोघांचं नाव टाका. डर्लेथने 1945 मध्ये अशी एक अख्खी कादंबरी काढली, साधारण पन्नास हजार शब्दांची, त्यात लव्हक्राफ्टचे जेमतेम बाराशे. गुरूच्या गोष्टीतल्या देवांना माणूस जगला काय मेला काय काहीच फरक पडत नाही, खरी भीती तीच आहे, आणि शिष्याने तिथे चांगले देव विरुद्ध वाईट देव असा सामना लावून दिला. पन्नास हजार शब्दांत जी भीती वाटत नाही ती त्या बाराशेत आहे, हे माझं मत. चाहते त्यावरून आजही त्याला शिव्या घालतात. पण त्या शिव्या घालायला लव्हक्राफ्ट वाचायला मिळाला तो कोणाच्या कर्जातून, हे विचारायचं नाही.

समीक्षकांचं मनावर घेऊ नका. 1945 मध्ये एडमंड विल्सन नावाच्या बड्या समीक्षकाने 'न्यूयॉर्कर'मध्ये लव्हक्राफ्टची सालटी काढली. हेच विल्सनसाहेब अमेरिकन अभिजात साहित्याची एक नीट ग्रंथमाला निघावी म्हणून धडपडत होते. ती निघाली, ते गेल्यानंतर. आणि 2005 मध्ये तिच्यात लव्हक्राफ्टचा खंड आला.

हिशोबाचं विचाराल तर डर्लेथने तीस वर्षांनी स्वतःच लिहून ठेवलंय की एकाही वर्षी संस्थेच्या कमाईत खर्च भागला नाही, त्याच्या बाकीच्या लिखाणाचे पैसे त्यात ओतावे लागले. म्हणून तर माणसाने शंभराच्या वर पुस्तकं लिहिली, डिटेक्टिव्ह कथा, कविता, मुलांची पुस्तकं, काय वाट्टेल ते. आपल्या गावावरची कादंबरीमालिका हेच त्याच्या मते खरं काम होतं. 1971 मध्ये गेला, बासष्टाव्या वर्षी. ती गावाची मालिका आज कोण वाचतं विचारू नका, पण 5 डॉलरचं ते न खपणारं पहिलं पुस्तक आता जुन्या बाजारात हजारो डॉलरला जातं, तेव्हा छपाई झाली की दहा-बारा प्रती माळ्यावर टाकून ठेवा आणि नातवंडांना सांगून ठेवा की रद्दीवाल्याला द्यायच्या नाहीत.