कांदा-दह्यानं कोलायटिस बरा होत नाही

कोल्हापुरातल्या घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सकाळी अनशापोटी वाटीभर दही, त्यात कच्चा कांदा आणि पिकलेलं केळं. दही म्हणजे प्रोबायोटिक (पोटाला उपकारक जिवंत जिवाणू), कांदा-केळं म्हणजे प्रीबायोटिक (त्या जिवाणूंचं खाद्य). जोडीनं पोटात गेले की २१ दिवसांत आतड्याचं अस्तर नवं होतं, ॲसिडिटी, अल्सर, कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) मुळापासून जातात, 'गोळ्या आजच बंद करा'. खाली पावडरीच्या डब्यासाठी फोन नंबर.

राजारामपुरीतल्या माझ्या आत्यानं हे वाचून कोलायटिसच्या गोळ्या सोडल्या. 'अगं, दहीच तर खातेय, विष नव्हे,' म्हणाली. शौचावाटे रक्त पडायला लागलं, तरी घरात सांगेना. संताप येतो तो याचा.

म्हणून गोळ्यांचंच आधी. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उलटते. त्रास थांबलेला असतो तो बहुतेकदा मेसालामीनसारखी गोळी चालू असते म्हणून. २००३ सालच्या एका अभ्यासात, बरं वाटतंय म्हणून या गोळीत चालढकल करणाऱ्यांचा आजार परत उसळण्याचा धोका पाचपटीहून जास्त निघाला. आणि प्रोबायोटिक? अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं, एजीएनं, २०२० मध्ये पुरावे तपासून सांगितलं की या आजारात ते फक्त संशोधनाच्या चाचणीतच द्यावं. यातले काही रुग्ण स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतात. तशा अशक्त रुग्णांच्या रक्तात कॅप्सूलमधले 'चांगले' जिवाणू शिरून संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. अशा माणसाला 'आजच बंद करा' सांगायला जीभ कशी रेटते?

'भारतात सिद्ध झालंय' असं मेसेज म्हणतो. झालंय, नाही म्हणत नाही. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर चाचणी झाली आणि २०१७ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापून आली. निम्म्या बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या जिवाणूचा एक निवडलेला वाण आणि फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड हे प्रीबायोटिक अशी जोडी सात दिवस दिली. सेप्सिस (अंगभर पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग) किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. फार मोठं काम आहे हे. पण ती दोन किलोंवरची, अंगावर पिणारी, धडधाकट बाळं होती. जिवाणूचा वाण ठरलेला, मात्रा मोजलेली. तिथं मोजला तो जंतुसंसर्ग. कोलायटिस झालेल्या बाईचं आतडं कुणी तपासलं नव्हतं. त्या बाळांच्या नावावर वाटीभर दही-कांदा खपवू नका.

२१ दिवसांचं गणित तर निव्वळ थाप. आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतातच, दही खा नाहीतर नका खाऊ. एवढं मात्र खरं की न पचलेला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि तिथल्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. पण तो चोथा ज्वारीच्या भाकरीत, हरभऱ्यात, लसणातही असतो. अनशापोटीचा हट्ट कशाला?

अल्सर बहुतेकदा एच. पायलोरी जंतूनं किंवा वेदनाशामक गोळ्यांनी होतो. जंतू असेल तर अँटिबायोटिकचा कोर्स लागतो. आयबीएसवाल्यांना (वरचेवर पोट दुखणं, शौचाच्या तक्रारी असणाऱ्यांना) कच्च्या कांद्यानं गॅस वाढतो. मधुमेह्यांनी रोजचं केळं डॉक्टरांना विचारून.

राहिला डबा. आत्याच्या फडताळात सापडला. वर 'प्रोबायोटिक मिश्रण' एवढंच. कुठला जिवाणू, किती, कधीपर्यंत जिवंत, काही नाही.

आत्याच्या गोळ्या डॉक्टरांनी परत सुरू केल्यात, दही-ताकाला त्यांची ना नाही. तुमच्या घरात कुणी हा मेसेज वाचून औषध सोडलं असेल तर आधी डॉक्टरांना गाठा आणि किती दिवस बंद होतं ते खरं सांगा. पुढचा डोस त्यावर ठरतो. रक्त पडत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.