आधी कोड सांगा, मग फॉरमॅटचं बघू

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर मामांनी एक मेसेज ढकलला. वर तीन लाल दिवे, खाली 'सगळ्यांना पाठवा'. मजकूर थोडक्यात असा: विंडोजचं अपडेट फेल होतंय म्हणजे कंपनी तुमचा जुना कॉम्प्युटर मुद्दाम मारतेय. २०२४ साली विमानं अडकली तीही याच अपडेटमुळे. तेव्हा 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन अपडेट कायमचं बंद करा. मध्येच अडकलं तर पॉवरचं बटण दाबून धरा. 'सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्यूशन' आणि 'विन-एसएक्सएस' हे दोन फोल्डर उडवा, वीस जीबी मोकळी होते. तरी नाही जमलं तर सरळ फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून नवं विंडोज. आणि शेवटी पुरावा: 'मी सात वर्षांत एकही अपडेट केलं नाही, पीसी मक्खन चालतोय.'

ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. मी विचारलं, 'मामा, तुमच्याकडे फेल होतंय का? कोड काय दिसतोय?' मामांचा हात जोडलेला इमोजी आला, कोड नाही आला. नातेवाइकांचे आणि सोसायटीतले कॉम्प्युटर बघून देण्याची हौस मला बरीच वर्षं आहे (हौस म्हणायचं, कारण पैसे कोणी देत नाही), त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवेना. एकेक मुद्दा घेतो.

आधी विमानं. १९ जुलै २०२४ ला जगभर कॉम्प्युटरचे पडदे निळे पडले हे खरं. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, त्यांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. पण बिघडली होती ती क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं स्वतःच्या सॉफ्टवेअरसाठी पाठवलेली एक फाइल. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख मशीन तिच्यामुळे आडवी झाली. हे सॉफ्टवेअर कंपन्या, बँका, विमानसेवा घेतात; मामांच्या हॉलमधल्या पीसीवर ते असायचं कारण नाही, आणि विंडोज अपडेटच्या वाटेनं ते येतही नाही.

मायक्रोसॉफ्टची स्वतःची चूकच दाखवायची असेल तर मेसेज लिहिणाऱ्याला मी याहून चांगलं उदाहरण देतो. २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं १८०९ हे मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, फोटोंच्या फाइली त्यात चक्क पुसल्या गेल्या. काही दिवसांतच ते मागे घ्यावं लागलं; पुन्हा आलं ते १३ नोव्हेंबरला. म्हणून वर्षाचं मोठं अपडेट आल्या दिवशीच अंगावर घेऊ नये, हे मीही सांगतो. सेटिंग्जमध्ये ते पाच आठवड्यांपर्यंत थांबवून ठेवता येतं. 'प्रिव्ह्यू' असं लिहिलेलं ऐच्छिक अपडेट तर घरच्या माणसानं हात न लावता सोडून द्यावं. थांबवणं वेगळं आणि कायमचं बंद करणं वेगळं, एवढाच काय तो माझा आणि मेसेजचा मतभेद.

'मुद्दाम मारतेय.' या वाक्यामागचा राग मला समजतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारी कितीतरी मशीन दाराबाहेर राहिली. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यात कंपनीला दोष द्यायचा तर खुशाल द्या. पण जुनं मशीन सोडून द्यायचं तर अपडेट पाठवणं थांबवलं की झालं. पाठवून फेल करण्याचा खटाटोप कोण करेल? उलट विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेची जादा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची सोय जाहीर झाली. मात्र त्यासाठी मशीनवर २२एच२ ही आवृत्ती लागते आणि नाव नोंदवावं लागतं. 'माझ्याकडे अपडेटच येत नाही' म्हणणाऱ्या कित्येकांचं घोडं इथेच अडलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. अपडेट फेल झालं की 'अपडेट हिस्टरी'त त्याच्यापुढे एक कोड येतो. तो 'शून्य एक्स'नं सुरू होतो. मी पुढची आठ अक्षरंच लिहितो. तो कोड म्हणजे मशीनची तक्रार असते, आणि बहुतेक वेळा तिचा अर्थ लागतो. ८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा नाही. ८००७३७१२ म्हणजे विंडोजला लागणारी एखादी फाइल खराब किंवा गायब आहे. सी१९००१०१ मोठ्या अपडेटच्या वेळी आला तर बहुधा एखादा ड्रायव्हर (प्रिंटर, ग्राफिक्स असे भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) आडवा आलाय. ८००एफ०९२२ ला दोन कारणं असतात: सिस्टिमच्या छोट्या राखीव पार्टिशनमध्ये (डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात) जागा कमी, नाहीतर व्हीपीएनमुळे (नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे फिरवणारी सोय) मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी गाठ पडत नाही.

माझा लाडका कोड ८००७२एफ८एफ. सोसायटीतल्या एका आजोबांकडे जुना डेस्कटॉप होता, अपडेट काही केल्या लागेना, काही वेबसाइटही उघडेनात. कोपऱ्यातलं घड्याळ २००९ सालचा जानेवारी दाखवत होतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता, त्यामुळे मेन स्विच बंद केला की तारीख मागे. तारीख चुकली की सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र मशीनला खोटं वाटतं आणि ते बोलणंच टाकतं. सेल बदलला, तारीख लावली, आणि त्याच संध्याकाळी अपडेट लागलं. दुकानदारानं त्यांना नवा पीसी सुचवला होता.

मेसेजचा पहिला सल्ला या यादीत गमतीशीर बसतो. 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन विंडोज अपडेट 'डिसेबल' केलं की पुढच्या वेळी कोड येतो ८००७०४२२. त्याचा अर्थ: सर्व्हिस बंद करून ठेवली आहे. म्हणजे फेल होणाऱ्या अपडेटवर जो उपाय सांगितला, तोच फेल होण्याचं एक अधिकृत कारण आहे. मी असे दोन पीसी पाहिलेत. दोन्हीकडे 'हल्ली अपडेट फारच फेल होतात' अशी तक्रार होती, आणि सर्व्हिस बंद कोणी केली ते कोणाला आठवत नव्हतं. फुकटचं विंडोज चालू करून देणारे क्रॅकसुद्धा कधीकधी अशीच मोडतोड करून ठेवतात. मशीन घेताना दुकानातून 'टाकून दिलेलं' विंडोज असेल तर ही शंका आधी घ्या.

डेटाचं म्हणाल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजच्या दीड जीबीत अपडेट उतरवायचं म्हणजे तारेवरची कसरत. नेट 'मीटर्ड', म्हणजे मोजून वापरायचं, म्हणून लावलेलं असेल तर विंडोज बरीच अपडेट आपणहून उतरवतच नाही. ते फेल नव्हे, ते वाट बघतंय.

बटण दाबून धरण्याचा सल्ला मात्र मला खरोखर घाबरवतो. अपडेटचं गोल चक्र एका आकड्यावर अर्धा तास थांबलं म्हणजे अडकलं असं नसतं. साध्या हार्ड डिस्कच्या जुन्या मशीनवर मोठ्या अपडेटला काही तासही लागतात, आणि तो आकडा सरळ चालत नाही. मध्ये बसून राहतो, मग एकदम उडी मारतो. पडदा बघू नका, डिस्कचा बारीक दिवा बघा. तो लुकलुकत असेल तर काम चालू आहे. 'अनडूइंग चेंजेस' असं दिसलं तर अजिबात हात लावायचा नाही, कारण अपडेट जमलं नाही म्हणून विंडोज केलेले बदल स्वतःच उलटे फिरवत असतं. त्या क्षणी वीज तोडणं म्हणजे भिंत पाडून झाल्यावर, नवी बांधायच्या आधी, गवंड्याला घरी पाठवणं. आपल्याकडे हे पाप अनेकदा आपण करत नाही, वीज मंडळ करतं. म्हणून लॅपटॉप चार्जरला लावून आणि डेस्कटॉप यूपीएसवर असेल तरच हे काम काढा. गावी पावसाळ्यात तर मी संध्याकाळी अपडेटला बसतच नाही.

रात्रभर ठेवूनही आकडा तोच, दिवा मेलेला, तर मग दाबा बटण. तिथे माझीही हरकत नाही. दोन-तीनदा नीट सुरू झालं नाही की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा आणतं. तिथे 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. शेवटचं महिन्याचं अपडेट किंवा शेवटचं मोठं अपडेट, जे लागलं असेल ते काढता येतं. फाइली जागच्या जागी राहतात. याच पडद्यावर कधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर काही मशीननी ती मागितलीही होती. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आजच शोधून कागदावर लिहा आणि रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा. मशीन बंद पडल्यावर त्याच मशीनमध्ये ती शोधायला जाणारे मी पाहिलेत.

फोल्डरांच्या बाबतीत मेसेज अर्धा बरोबर आहे, आणि म्हणूनच फसवा. 'सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्यूशन'मध्ये उतरवलेली अपडेट पडून असतात. उतरताना एखादी फाइल खराब झाली असेल तर आधी अपडेटची सर्व्हिस थांबवायची, त्या फोल्डरचं नाव बदलायचं, सर्व्हिस पुन्हा सुरू करायची. विंडोज नवा फोल्डर बनवतं आणि अपडेट पहिल्यापासून उतरवतं. अपडेटच्या जुन्या इतिहासाची यादी जाते, बाकी काही बिघडत नाही. पण 'विन-एसएक्सएस'ला हात लावाल तर पुढचं प्रत्येक अपडेट गोत्यात. विंडोज स्वतःचे भाग तिथे ठेवतं आणि दुरुस्तीला तिथूनच उचलतं. त्याचा दिसणारा आकारही फसवा असतो, कारण तिथल्या अनेक फाइली आणि 'सिस्टिम ३२' मधल्या फाइली डिस्कवर एकच असतात, फक्त दोन नावांनी मोजल्या जातात. जागा हवी तर 'डिस्क क्लीनअप'मध्ये सिस्टिमच्या फाइलींचा पर्याय घेऊन 'विंडोज अपडेट क्लीनअप' करा; काय काढायचं ते विंडोजला कळतं. फाइल खराब असल्याचा कोड असेल तर आधी डिझम, मग एसएफसी, विंडोजच्या दुरुस्तीच्या या दोन आज्ञा याच क्रमानं; डिझम 'विन-एसएक्सएस'च्या साठ्याची दुरुस्ती करतं आणि एसएफसी त्या साठ्यातून चालू फाइली बदलतं.

राहिला फॉरमॅट. ९ जानेवारी २०२४ ला विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ नावाचं अपडेट आलं आणि असंख्य घरांत ८००७०६४३ या कोडनं फेल होऊ लागलं. तो कोड नुसता 'इन्स्टॉल झालं नाही' एवढंच म्हणतो. खरं कारण असं होतं की अपडेट रिकव्हरीच्या पार्टिशनमध्ये (दुरुस्तीची साधनं ठेवलेल्या कप्प्यात) जायचं होतं, तिथे २५० एमबी मोकळी जागा हवी होती, आणि बहुतेकांचं ते पार्टिशनच जेमतेम होतं. कोड दिशाभूल करणारा आहे हे पुढे मायक्रोसॉफ्टनंही मान्य केलं. सी ड्राइव्हवर शंभर जीबी रिकामी असली तरी उपयोग शून्य. त्या आठवड्यात किती जणांनी दुकानात जाऊन फॉरमॅट मारून घेतला असेल! ओळखीतल्या एका काकूंनी घेतला. लेकीच्या बारशाचे फोटो डेस्कटॉपवर होते, दुकानात कोणी विचारलं नाही, काकूंना सांगायचं सुचलं नाही. नव्या विंडोजवर रिकव्हरी पार्टिशन पुन्हा तेवढंच लहान पडलं आणि तोच कोड पुन्हा हजर. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचा पीसी मात्र बाकी सगळी अपडेट घेत निवांत चालू राहिला. फेल झालेलं प्रत्येक अपडेट आणीबाणी नसते. आणि अगदीच नवं विंडोज टाकायची वेळ आली तरी मायक्रोसॉफ्टच्या टूलनं, फाइली ठेवून, वरून इन्स्टॉल करता येतं. मोठ्या अपडेटनंतर दहा दिवस मागे फिरायची वाटही उघडी असते, जुनं विंडोज ठेवलेला 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर पुसला नाही तर.

सात वर्षांचा मक्खन पीसी. असेलही. ज्या भोकातून वॉनाक्राय हे खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर शिरलं त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ ला दिलं होतं. हल्ला झाला १२ मेला, जवळजवळ दोन महिन्यांनी. २७ जूनला नॉटपेट्या या दुसऱ्या घातक सॉफ्टवेअरनं तेच भोक वापरलं आणि आपल्या न्हावा-शेव्याला जेएनपीटी बंदरातलं मेर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. एक गोष्ट लपवत नाही: नॉटपेट्या सुरुवातीला शिरलं ते युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच, आणि नेटवर्कमध्ये ते चोरलेल्या पासवर्डनंही पसरत होतं, त्यामुळे ठिगळ लावलेली मशीनही काही गेली. तरी उघडं भोक तसंच ठेवायचं कारण त्यातून निघत नाही. आणि सात वर्षं अपडेट न केलेल्या त्या पीसीवरून त्याचा मालक वीजबिल भरतो का, हे विचारायचं राहिलं.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तेव्हा अंगठे तीनच आले. पण काल रात्री मामांचा फोटो आला, पीसीच्या पडद्याचा, तिरका. म्हणजे अपडेट खरंच फेल होतंय. कोड ८००७ पर्यंत वाचता येतो, त्यापुढे फ्लॅशचा पांढरा गोळा. फ्लॅश बंद करून पुन्हा काढा म्हणून सांगितलंय.