नशीब, जेट आणि एरंडेल : चिंचवडच्या साहेबांना उत्तर

नमस्कार साहेब,

'एक निवृत्त वाहन अभियंता, चिंचवड' एवढीच सही करून तुम्ही टाकलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा जेवण झाल्यावर, आणि तिसऱ्यांदा कागद-पेन घेऊन. म्हणून उत्तराला आठ दिवस लागले.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अण्णा म्हणजे माझे वडील आणि बापू म्हणजे धाकटे काका. या दोघांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये येझदी २५० मोटारसायकलपासून रेसची गाडी बनवली. १९८४ च्या फेब्रुवारीत आम्ही ती मेटाडोरमध्ये घालून मद्रासजवळ शोलावरमला नेली. तिसऱ्या फेरीत इंजिन सीझ झालं, म्हणजे पिस्टन सिलिंडरला धरून अडकला, आणि बापू पडले. लेखाच्या शेवटी मी लिहिलं होतं, 'नशीब नव्हतं.' त्यावर साहेबांचं म्हणणं असं: येझदी कापून-जोडून केलेल्या गाडीला 'आम्ही बनवलेली' म्हणणं ही फुशारकी आहे. सायलेन्सर 'मोकळा' केल्यानं ताकद वाढते हे धादांत चूक आहे, आणि तेच वाचून त्यांच्या मुलानं आपल्या गाडीचा सायलेन्सर कापून आणलाय. हायवेवर केलेल्या सरावाचं मी कौतुक केलंय. आणि इंजिन नशिबानं नाही, अज्ञानानं सीझ झालं: कोल्हापुरात लावलेला जेट, म्हणजे कार्बुरेटरमधलं पेट्रोलचं माप ठरवणारं भोक, समुद्रसपाटीला चालत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं.

आधी तुमच्या चिरंजीवांचं. साहेब, चूक माझी. 'सायलेन्सर मोकळा केला आणि गाडी सुटली' हे वाक्य लिहिताना ऐट आली आणि अक्कल गेली. मुलाची गाडी फोर-स्ट्रोक आहे, तिचा सायलेन्सर कापून आवाजाखेरीज काहीही वाढत नाही. त्याला मूळ सायलेन्सर परत बसवायला सांगा, नाहीतर पोलिस ते जप्त करून रस्त्यावर ओळीनं मांडतात आणि वरून रोलर फिरवतात, त्या फोटोत त्याचाही येईल.

खरं म्हणजे अण्णांनी मोकळं काही केलंच नव्हतं. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. जळका धूर बाहेर जायची वाट (एक्झॉस्ट पोर्ट) आणि हवा-पेट्रोलचं ताजं मिक्श्चर आत यायची वाट काही वेळ एकदमच उघडी राहते, आणि ताजं मिक्श्चर धुराच्या मागोमाग पळून जातं. रेसच्या गाडीचा पाइप म्हणून आधी फुगत जातो आणि मग निमुळता होतो. फुगणारा भाग धूर ओढून घेतो. निमुळत्या भागावर आपटून दाबाची लाट मागे फिरते आणि पळालेलं मिक्श्चर पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. सहा हजार आरपीएमला क्रँकचा एक फेरा १० मिलिसेकंदांचा. त्यात एक्झॉस्ट पोर्ट उघडा राहणार जेमतेम पाच. गरम धुरातून लाट सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास जाते. म्हणजे जाऊन-येऊन अडीच मीटर, एकेरी सव्वा मीटर. हे गणित मी आत्ता मांडतोय. अण्णांनी काय केलं, तर पाइपाच्या तोंडाशी एकात एक सरकणारा जोड ठेवला, स्प्रिंगा लावल्या, आणि रोज बोटाच्या पेराएवढा पाइप मागेपुढे सरकवून बघितलं. दीड महिना. उत्तर आलं चार फूट आणि वर थोडं.

पूर्व जर्मनीतल्या एमझेड मोटारसायकलच्या कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी ही विद्या पक्की केली. १९६१ साली त्यांचाच रेसर अर्न्स्ट डेगनर पळून गेला, ती त्याच्याबरोबर सुझुकीकडे गेली, आणि १९६२ मध्ये सुझुकी ५० सीसीची विश्वविजेती झाली. आमच्याकडे ती एका जुन्या इंग्रजी मासिकातल्या फोटोतून आली. तीही अर्धीच, कारण फोटोत रायडरचा पाय पाइपाच्या नेमका आडवा आला होता.

आणि तो शंकू पत्र्यातून कापायचा कसा, हे शेडमध्ये कुणालाच जमेना. गोल गुंडाळला की एक टोक वर, एक खाली. चार पत्रे वाया गेले. आई घरी ब्लाउज शिवायची. डबा द्यायला आली तेव्हा ती म्हणाली, "अहो, ही बाहीच की." बाही म्हणजे तरी काय, वर रुंद आणि खाली अरुंद असलेली नळी. तिनं जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर खडूनं वाकडी कड आखून दिली, शिवणीला धरतात तसा वेल्डिंगला पाव इंच जास्त धरला, आणि दोन्ही बाजूंचे पाइप तिच्या पुठ्ठ्यावरून कापले. येझदीला सिलिंडर एक आणि एक्झॉस्ट दोन, म्हणून सगळं दोनदा. हे मूळ लेखात यायला हवं होतं. तुम्ही ते विचारलं नव्हतं, पण आईनं विचारलं.

'बनवली' या शब्दाबद्दल. क्रँककेस, गिअरबॉक्स, पुढचा फोर्क म्हैसूरच्या येझदी कारखान्याचे, कबूल. एका अपघातातल्या गाडीचे, भंगारात वजनावर घेतलेले. पण मग येझदी जिच्यापासून आली ती जावा तरी कुणी बनवली म्हणायची? १९२९ साली चेकोस्लोव्हाकियाच्या यानेचेक यांनी जर्मनीच्या वांडररचा मोटारसायकलचा धंदा विकत घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' केलं. तीच गाडी म्हैसूरला आली आणि पुढं येझदी झाली. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांनी १९२० सालची इंडियन स्काउट चाळीस-पंचेचाळीस वर्षं घासली, पिस्टन घरच्या शेडमध्ये ओतले, आणि १९६७ साली अमेरिकेतल्या मिठाच्या मैदानावर ताशी १८० मैलांच्या वर पळवली. ती इंडियन कंपनीची की मन्रोंची? मी तर मन्रोंचीच म्हणेन.

आमच्या गाडीची मागची निम्मी चौकट अण्णांची, स्विंगआर्मचे बुश त्यांच्या लेथवरचे, टाकी पत्रा ठोकून केलेली. त्या वेळच्या येझदीत किक आणि गिअर एकाच दांड्यावर असायचे आणि गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटायचा. बापूंना ते आपोआप सुटणं नको होतं, म्हणून ती भानगड काढून टाकली. पोर्ट घासून उंच केले, हेड लेथवर धरून उतरवलं. शेवटी गुळाच्या वखारीतल्या काट्यावर गाडी चढवली तर १०८ किलो. बापू म्हणाले, "तीन ढेपा आणि वर थोडं." कारखान्यातून निघालेली गाडी तेव्हा १४० च्या घरात असायची. मधल्या बत्तीस किलोंना तुम्ही काय म्हणाल ते म्हणा, आमच्याकडे 'बनवली' म्हणतात.

हायवेबद्दल मात्र माझ्याकडे बचाव नाही. पहाटे साडेपाच-सहाला रस्ता रिकामा असतो असं आम्ही एकमेकांना सांगायचो. तो रिकामा नसायचा. दोन्हीकडे कॅन लटकवलेले दूधवाले सायकलीवर असायचे, दिव्याशिवाय. एकदा बापूंच्या आणि एका कॅनच्या मध्ये वीतभर जागा राहिली. दूधवाला थांबला, उतरला आणि काही न बोलता बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो प्रसंग मी लेखातून गाळला, कारण तो आला असता तर लेखाची मजा गेली असती. तुमचा आक्षेप बरोबर आहे.

आता जेट. इथं तुम्ही घाई केलीत.

तुमचं तत्त्व बरोबर. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर. तिथं हवेचा दाब शोलावरमच्या मानानं सहा-साडेसहा टक्के कमी. खाली गेलं की हवा दाट, त्याच जेटला पेट्रोल कमी पडतं, मिक्श्चर सुकं होतं, पिस्टन तापतो आणि धरतो. पण अण्णांनी जेट कधी लावला? डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे, पंधरा-सोळा अंशांना. रेस झाली दुपारी, तीस-एकतीस अंशांना. गरम हवा विरळ. पंधरा अंशांच्या फरकानं हवा पाच टक्क्यांच्या आसपास पातळ होते. मद्रासची दमट हवा अजून थोडं काढून घेते. उंचीनं जे दिलं ते उन्हानं परत घेतलं. उरला एक टक्का, फार तर. तेवढ्यावर येझदीचं इंजिन धरत नाही.

आणि अण्णांनी गणितावर सोडलंही नव्हतं. त्यांची वही माझ्यापुढं आहे. मागून उघडली तर आईचा वाणसामानाचा हिशेब, पुढून उघडली तर प्लगचे रंग. फुल थ्रॉटलला इग्निशन बंद करायचं, क्लच दाबून गाडी तशीच घरंगळू द्यायची, प्लग काढून बघायचा. पांढरा असेल तर सुकं, काळा असेल तर ओलं. शोलावरमच्या पानावर आदल्या दिवशीच्या सरावाच्या तीन नोंदी आहेत: 'फिकट. मेन एक नंबर मोठा. चॉकलेटी.' 'मेन' म्हणजे मुख्य जेट. तुम्ही जे शिकवताय ते अण्णा आदल्या दिवशीच करून बसले होते. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या धावपट्टीवर, डोक्यावर टॉवेल टाकून, प्लग उन्हात फिरवून बघत.

हे सगळं मांडून झालं तेव्हा खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. अण्णा निर्दोष सुटले. पण जेट नव्हता, तर काय होतं?

तो पिस्टन आमच्याकडे आहे. अण्णांच्या टेबलावर उपडा, त्यात पेनं. परवा रात्री मी पेनं काढली आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो नीट बघितला. तुम्ही बघितला असतात तर एका मिनिटात सांगितलं असतंत. सुक्या मिक्श्चरनं धरलेल्या पिस्टनचं डोकं बोलतं, पांढरं पडतं, एक्झॉस्टच्या बाजूची कड वितळते. याचं डोकं ठणठणीत आहे. ओरखडे आहेत ते खाली, स्कर्टवर, चहूबाजूंनी, अगदी थंड असलेल्या इनटेकच्या बाजूलासुद्धा. उभे, खरवडल्यासारखे. साहेब, तो पिस्टन तापून धरलेला नाही. त्याला तेल मिळालेलं नाही.

तेल होतं रेसिंगचं, एरंडेलाचं. टू-स्ट्रोकला ते पेट्रोलातच मिसळतात, वीस लिटर पेट्रोलला एक लिटर. पोट साफ व्हायला मुलांना द्यायचे तेच घराणं. जळताना वास असा येतो की अजून कुठं आला तर मी मान वळवतो. त्याची खोड एकच: पेट्रोलशी त्याचं मनापासून पटत नाही. डबा रात्रभर एका जागी राहिला की ते तळाला जाऊन बसतं. म्हणून टाकीत ओतण्याआधी डबा दोन-तीन मिनिटं घुसळल्यासारखा हलवायचा. कोल्हापुरात रोज हे काम ठरलेलं होतं, आणि ज्याचं होतं तो तेव्हा तेरा वर्षांचा होता.

त्या दुपारी पलीकडं फॉर्म्युला गाड्या लावल्या होत्या. चारी चाकं उघडी, ड्रायव्हर जवळजवळ झोपलेला. असं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं. पळत परत आलो तेव्हा बापू हेल्मेट घालत होते. डबा आदल्या रात्री ठेवला तिथंच होता.

अण्णांनी विचारलं, "हलवलास का रं?"

मी म्हणालो, "हलवला."

बापूंचं गळ्याजवळचं हाड मोडलं. ते जुळलं, पण डावा हात खांद्याच्या वर आजही नीट जात नाही. शर्ट घालताना आधी डावी बाही घालतात. ते पुन्हा रेसला उतरले नाहीत. गाडी दोन वर्षं शेडमध्ये उभी राहिली आणि मग सुट्या भागांनी गेली. परतीच्या वाटेवर चित्रदुर्गाजवळच्या ढाब्यावर बापूंनीच विचारलं होतं, "अण्णा, झालं तरी काय?" आणि अण्णा म्हणाले होते, "नशीब नव्हतं." ते वाक्य माझं नाही साहेब, त्यांचं आहे. मी ते फक्त लेखात उतरवलं, आणि उतरवताना माझ्या सोयीचं आहे हे मला पक्कं माहीत होतं.

काल बापूंना फोन करून सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसले, आणि मग कुठल्या रंगाच्या गाड्या होत्या ते विचारलं.

अण्णांना आता विचारता येत नाही, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. प्लगच्या रंगावरून जेट सांगणारा माणूस. इंजिन त्यांनी त्याच रात्री मेटाडोरच्या मागं कंदिलाच्या उजेडात उघडलं होतं, पिस्टन हातात धरून फिरवून फिरवून बघत होते. मी टायरवर बसलो होतो. मग ते उठले, तो तेलाचा डबा उचलला आणि नळावर जाऊन स्वतः धुऊन आणला. डबे धुणंही एरवी माझंच काम होतं.