जामीन झाला, पण जामीनदार कुठंय?

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर दर थोड्या दिवसांनी कोर्टांवरचा एक फॉरवर्ड फिरत असतोच, एवढे कोटी खटले पेंडिंग, जज कमी, सुट्ट्या फार, वगैरे वगैरे. खाली कोणी हात जोडतं, कोणी चिडतं, संपला विषय. मला काय वाटतं ते सांगते, बऱ्याच जणांना आवडणार नाही. कायद्यानं जागोजागी आपल्यासारख्या साध्या माणसांना बोलावून ठेवलंय आणि जायला आपणच तयार नसतो.

पंचांचंच घ्या ना. पोलिसांनी घराची झडती घेतली तर त्याच भागातले निदान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच, म्हणजे झडतीचे साक्षीदार, म्हणून हवेत, तसे मिळालेच नाहीत तर मग दुसऱ्या भागातले. आधी हे सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम 100 मध्ये होतं, जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 103 मध्ये. लेखी बोलावल्यावर योग्य कारण नसताना नाही म्हटलं तर तो गुन्हा होतो, हे किती जणांना माहितीये? आणि होतं काय, गल्लीत पोलिसांची गाडी शिरली की पटापट खिडक्या बंद. "कोण घालणार कोर्टाच्या चकरा!" मग ठाण्याच्या ओळखीचा कोणीतरी येऊन सही ठोकतो, पॉकेट विटनेस म्हणतात ना तोच, उलटतपासणीत त्याची भंबेरी उडते, आरोपी सुटतो आणि पेपर वाचून न्यायव्यवस्थेला शिव्या घालायला आपण मोकळे.

जामिनाचं तर विचारूच नका. आमच्या कॉलनीतल्या प्रेसवाल्याचा, म्हणजे इस्त्रीवाल्याचा, मुलगा मारामारीच्या केसमध्ये आत गेला. जामीन झाला, ऑर्डर निघाली, पण पोरगा जेलमध्येच, कारण जमानतदार, म्हणजे जामीनदार, नाही. आपल्या एमपीत जमानतदार म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आणि हातात ऋण पुस्तिका (जमिनीच्या मालकीची आणि तिच्यावरच्या कर्जाची सरकारी वही) असा माणूस, आणि ह्या माणसाकडे आहे एक ठेला आणि कोळशाची इस्त्री. कोर्टाच्या गेटबाहेर एकानं त्याला हळूच विचारलंसुद्धा, "भिया, पावती चाहिए क्या? हो जाएगा." पावती म्हणजे इकडे हीच ऋण पुस्तिका, थोडक्यात भाड्याचा जमानतदार! शेवटी आमच्या मंडळातले एक रिटायर्ड काका उभे राहिले, सांवेरकडे त्यांचं थोडं सोयाबीनचं शेत आहे. बाबूनं पुस्तिकेचं पान न् पान उलटून बघितलं, खसरा नंबर (जमिनीचे सर्व्हे नंबर) जुळवले, फोटो चिकटवला, याआधी कोणाकोणाची जमानत घेतलीये त्याचं शपथपत्र घेतलं, आणि संध्याकाळी पोरगा घरी. (काकूंनी काकांना घरी काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.)

आणि हे आजचं नाहीये. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश, 1978, आपल्याच राज्यातली केस. मोतीराम गवंडी होता. खालच्या कोर्टानं 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला, सख्खा भाऊ तयार होता, तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून चालला नाही! सुप्रीम कोर्टात जस्टिस कृष्ण अय्यर यांनी कान उपटले आणि 1,000 रुपयांच्या त्याच्या स्वतःच्या मुचलक्यावर, म्हणजे लेखी हमीवर, त्याला सोडायला लावलं. तेव्हापासून इतकी वर्षं गेली आणि आजही देशातल्या जेलमधले चारातले जवळपास तीन कैदी अंडरट्रायल आहेत, म्हणजे त्यांचा खटला अजून संपलेला नाही. त्यातल्या सगळ्यांचाच जामीन झालेला नाहीये हे मान्य, पण होऊनही आत बसलेले आहेतच.

2023 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलनं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (गरिबांना फुकट कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) कळवायचं, आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करायची का ते कोर्टानं स्वतःहून बघायचं. त्याच वर्षी केंद्रानं गरीब कैद्यांच्या जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत मदतीची योजना आणली. छानच. पण त्या कैद्याच्या घरी जाऊन परिस्थिती कोण बघणार, कागद कोण गोळा करणार? त्यासाठी पॅरालीगल वॉलंटियर, म्हणजे वकील नसलेले पण विधी सेवेच्या कामात मदत करणारे स्वयंसेवक, लागतात. 2009 पासून ही स्कीम आहे आणि त्यात रिटायर्ड शिक्षक, रिटायर्ड सरकारी कर्मचारी, सीनियर सिटिझन, लॉचे विद्यार्थी सगळे चालतात. आता सांगा, रिटायर्ड माणसांची कमी आहे का हो आपल्या समाजात? सकाळी नेहरू पार्कात एक चक्कर मारा फक्त.

"गुन्हेगारांना सोडवायचं का मग?" असं कोणीतरी विचारणारच. अहो, जामीन जजनं दिलाय, गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. माणूस पळाला तर बॉण्डची रक्कम आपल्या गळ्यात पडू शकते, खरंय, म्हणून ओळखीच्याच माणसासाठी उभं राहा, आणि पुढे विश्वास उडाला तर कोर्टात अर्ज देऊन जामिनातून मोकळंही होता येतं. आणि हो, समाजाचा सहभाग म्हणजे चौकात जमून निकाल लावणं नव्हे, कोणाच्या घरावर बुलडोझर आला की टाळ्या पिटायला जाणं तर नव्हेच. तिथे बरी गर्दी जमते!

मंडळाच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी हा विषय काढणार आहे, गणपतीच्या वर्गणीच्या आधी, कारण नंतर कोणी थांबत नाही. ज्यांच्या नावावर शेती आहे आणि ऋण पुस्तिका कपाटात पडून आहे त्यांनी एकदा विचार करून या. वॉलंटियर व्हायचं असेल तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात चौकशी करा. आणि तुमच्या घरी काम करणाऱ्या कोणाचा माणूस आत अडकला असेल तर त्यांना 15100 हा नंबर द्या, विधी सेवेची हेल्पलाइन आहे, गरिबांना वकील फुकट मिळतो.