काळ्याहून काळी पट्टी

रविवारी भर दुपारी पडदे ओढून मी अंधारात टीव्हीसमोर मांडी ठोकून बसलो होतो. आदल्या रात्री एका सिनेमात खून झाला. तो कोणी केला हे सोडाच, कुठे झाला हेही आम्हाला दिसलं नाही. नुसता काळोख आणि एक किंकाळी.

म्हणून टीव्हीचं चित्र जुळवायला पेनड्राइव्हवर टेस्ट पॅटर्न, म्हणजे चाचणीच्या पट्ट्यांचं चित्र, उतरवून घेतला. ब्राइटनेस वाढवला की उजेड वाढतो, या समजुतीत मी पन्नाशी गाठली. पण ब्राइटनेस ठरवतो काळं किती काळं ते, कॉन्ट्रास्ट ठरवतो पांढरं किती पांढरं ते, आणि खरा उजेड पडद्यामागच्या दिव्याच्या, म्हणजे बॅकलाइट नावाच्या तिसऱ्याच गृहस्थाच्या हातात. यांचं बारसं ज्याने केलं, त्याला एकदा भेटायचंय.

व्हिडिओत उजेडाच्या 0 ते 255 अशा मापावर काळ्याचा आकडा 16, पांढऱ्याचा 235. पॅटर्नमध्ये 16 च्याही खालची, काळ्याहून काळी पट्टी असते. ती दिसता कामा नये. दुसरी काळ्याहून केसभर उजळ. ती मात्र जेमतेम दिसलीच पाहिजे. युक्ती बीबीसीच्या इंजिनिअरांची, नाव प्लूज.

ब्राइटनेस 53 वर दोन्ही पट्ट्या हजर. 51 वर दोन्ही गायब. 52 वर हवी ती दिसायची, पण मान डावीकडे कलवली तरच. शेवटी बायकोला हाक मारली.

"तुला पट्टी दिसते का?"

"कसली?"

"काळी."

"कशावर?"

"काळ्यावर."

माझ्या कपाळाला हात लावून बघून ती आत गेली.

कॉन्ट्रास्टचं लवकर उरकलं: पांढऱ्या पायऱ्या एकमेकींत मिसळू लागल्या की थांबायचं. चित्र आता शास्त्रशुद्ध झालं, म्हणजे चिरंजीवांच्या भाषेत "एकदम मळकट". दुकानात हाच टीव्ही डायनॅमिक मोडवर पोपटासारखा हिरवागार दिसत होता, हे खरं. तिथल्या ट्यूबलाइटच्या झगमगाटात त्याला तसं नटवतातच.

मग रंग जुळवायला रंगपट्ट्या लावल्या, तेवढ्यात आई मटारची परात घेऊन आली आणि पट्ट्यांकडे बघत निवांत कोचावर टेकली. मुंबईत दूरदर्शन आलं 1972 साली. कार्यक्रम सुरू होईपर्यंत पॅटर्न बघत बसायचा तिचा सराव तेव्हाचा.

"किती वाजता सुरू होणार रे?"

"आई, हेच सुरू आहे."

तिने एक शेंग फोडली.

"मग आवाज वाढव की जरा."